घरातील नेटच्या डब्यावरील दिवे कसे वाचावेत

तळोज्याच्या माणसाला दिव्यांची भाषा नवी नाही. येथील औद्योगिक वसाहतीतील रासायनिक, अभियांत्रिकी आणि मासळी प्रक्रियेच्या कारखान्यांत आपल्यापैकी कित्येकांच्या नोकरीची वर्षे गेली. पाळीवर आलेला कामगार प्रथम पॅनेलवर नजर टाकतो. कोणता पंप चालू आहे, कोणता ट्रिप झाला आहे, तिन्ही फेज येत आहेत की नाहीत, हे त्याला कोणी वाचून दाखवावे लागत नाही. परंतु घरातील नेट बंद पडले की तोच अनुभवी माणूस भिंतीवरच्या लहानशा डब्यापुढे गोंधळून उभा राहतो. बटण बंद करून पुन्हा चालू करायचे, वायर हलवून पाहायची आणि शेवटी कंपनीचा माणूस येईपर्यंत वाट पाहायची, एवढेच त्याच्या हाती राहते.

हा प्रश्न केवळ करमणुकीपुरता असता तर स्मरणिकेची पाने त्यासाठी अडविण्याचे कारण नव्हते. पण आज शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरावा लागतो. अकरावीचा प्रवेश, सीईटीची नोंदणी, महाविद्यालयाचे पसंतीक्रम, नोकरभरतीचे अर्ज ही सर्व कामे ऑनलाईन झाली आहेत. शिष्यवृत्तीची रक्कम आधार जोडलेल्या बँक खात्यात जमा होते. त्यामुळे शेवटची तारीख जवळ आली की विद्यार्थ्यांची धावपळ किती होते, हे बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्या आम्हां लोकांना चांगले दिसते. अशा रात्री नेट गेले तर दोष कोठे आहे हे दोन मिनिटांत समजणे आवश्यक असते. दोष घरातील असेल तर तो दुरुस्त करून अर्ज भरता येतो. दोष बाहेरचा असेल तर वेळ न दवडता शेजारी, अभ्यासिकेत किंवा मोबाईलच्या नेटवर जाऊन काम उरकता येते. हा निर्णय कसा घ्यावा, हे सांगणे एवढाच या लेखाचा हेतू आहे. त्यासाठी इंजिनियर असण्याची गरज नाही. आम्ही स्वतः कला शाखेचे पदवीधर आहोत.

१. रंगाचा अर्थ ठरवावा लागतो

लाल म्हणजे वाईट आणि हिरवा म्हणजे चांगला, अशी आपली समजूत असते. ती पुष्कळ ठिकाणी बरोबर ठरते. यंत्रांवरील दिव्यांच्या रंगांसाठी आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाचे ६००७३ क्रमांकाचे मानक आहे. त्यानुसार लाल म्हणजे धोका, पिवळा म्हणजे असाधारण स्थिती आणि हिरवा म्हणजे सुरळीत.

परंतु आपल्या इमारतीच्या पंपाच्या पॅनेलवर लाल, पिवळा आणि निळा असे तीन दिवे एका ओळीत लागलेले असतात. तेथे लाल दिव्याचा धोक्याशी संबंध नाही. ते विजेच्या तीन फेजचे दिवे आहेत आणि तिन्ही लागलेले असणे हीच चांगली स्थिती होय. वीज उपकेंद्रात ब्रेकरजवळचा लाल दिवा 'ब्रेकर लागलेला आहे, प्रवाह चालू आहे' असे सांगतो, तर हिरवा दिवा 'ब्रेकर उघडा आहे' असे सांगतो. रस्त्यावरच्या सिग्नलच्या सवयीने तेथे कोणी अर्थ लावला तर अनर्थ होईल.

तात्पर्य, दिव्याचा रंग पाहण्याआधी तो दिवा कशाचा आहे हे पाहिले पाहिजे. घरगुती नेटच्या डब्यांसाठी सर्व कंपन्यांना बंधनकारक असे एकच कोष्टक नाही. एका डब्यावर सुरळीत स्थिती हिरव्या दिव्याने, दुसऱ्यावर निळ्या तर तिसऱ्यावर पांढऱ्या दिव्याने दाखविलेली आढळते. म्हणून आम्ही या लेखात भर रंगांवर न देता दिव्यांच्या नावांवर आणि क्रमावर दिला आहे. ज्यांना लाल आणि हिरवा हे रंग वेगळे ओळखता येत नाहीत, अशांनाही याच पद्धतीने डबा वाचता येईल.

२. हे दिवे कोठून आले

या दिव्यांना एलईडी, म्हणजे प्रकाश उत्सर्जक डायोड म्हणतात. डोळ्यांना दिसेल असा लाल प्रकाश देणारा पहिला व्यवहार्य एलईडी अमेरिकेतील निक होलोन्याक यांनी १९६२ साली जनरल इलेक्ट्रिक कंपनीत तयार केला. त्यानंतर पिवळे आणि हिरवे दिवे आले. झगझगीत निळा दिवा तयार होण्यास मात्र ३० वर्षांहून अधिक काळ लागला. जपानमधील शुजी नाकामुरा यांनी तो १९९३ मध्ये साध्य केला. निळ्या एलईडीच्या संशोधनाबद्दल इसामू आकासाकी, हिरोशी अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्या देशात विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. त्या काळी दूरध्वनीच्या तारेला मोडेम जोडावा लागे. टेबलावर ठेवण्याच्या मोडेमवर लहान दिव्यांची ओळ असे. फोन उचलला गेला का, पलीकडच्या मोडेमचा आवाज मिळाला का, माहिती जाते आहे का, माहिती येते आहे का, असे एकेका दिव्याचे काम ठरलेले असे. आजच्या डब्यावरील दिवे त्याच कुळातील आहेत. नावे बदलली, पण प्रश्न बहुतांशी तेच राहिले.

३. आपला डबा कोणत्या प्रकारचा आहे

तळोज्यासारख्या नव्या वसाहतींत नेट प्रामुख्याने दोन प्रकारे घरात येते.

पहिला प्रकार म्हणजे काचेच्या तंतूची, अर्थात फायबरची जोडणी थेट घरापर्यंत. बारीक वायर भिंतीतून येते आणि तिच्या टोकाला बहुधा हिरव्या किंवा निळ्या रंगाची चौकोनी प्लॅस्टिकची पिन असते. ती ज्या डब्यात जाते त्याला ओएनटी, म्हणजे ऑप्टिकल नेटवर्क टर्मिनल म्हणतात. अनेकदा वाय-फायही याच डब्यातून मिळते.

दुसऱ्या प्रकारात फायबर इमारतीच्या जिन्यातील पेटीपर्यंत येते आणि तेथून आठ बारीक तारांची लॅन केबल घरात येते. तिची पिन पारदर्शक असते आणि दूरध्वनीच्या पिनेपेक्षा थोडी रुंद असते. ती वाय-फाय राऊटरच्या वेगळ्या रंगाच्या खाचेत बसते. या खाचेवर 'वॅन' किंवा 'इंटरनेट' असे लिहिलेले असते. या प्रकारात जिन्यातील पेटीलाही वीज लागते. जिन्याची वीज गेली तर घरात वीज असूनही नेट बंद पडते.

आपल्याकडे कोणता प्रकार आहे हे आजच पाहून ठेवावे.

४. पाच प्रश्न, एकाच क्रमाने

बँकेत धनादेश आला की त्याची तपासणी ठरलेल्या क्रमाने होते. कागद हातात आला का, खाते जुळते का, सही जुळते का, शिल्लक आहे का, हे पाहूनच पैसे दिले जातात. सही जुळली नाही तर शिल्लक पाहण्यात अर्थ नसतो. डब्यावरील दिवेही याच पद्धतीने, बाहेरून आत या क्रमाने वाचावेत. ज्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' आले तेथे थांबावे. दोष तेथेच असतो. त्यापुढील दिवे बंद दिसले तरी तो परिणाम असतो.

पहिला प्रश्न : वीज आहे का? दिव्याचे नाव 'पॉवर'. हा दिवा स्थिर असला पाहिजे. डबा नुकताच चालू केला असेल तर तो काही वेळ उघडमीट करतो. डब्याला तयार होण्यास दोन-तीन मिनिटे लागतात. या काळात पुन्हा बटण बंद करू नये. दिवा मुळीच लागत नसेल तर प्लग, बटण आणि ॲडॉप्टर तपासावे. ॲडॉप्टर बदलण्याची वेळ आली तर त्यावरील व्होल्टचा आकडा डब्यावरील आकड्याशी तंतोतंत जुळला पाहिजे आणि ॲम्पियरचा आकडा तेवढाच किंवा अधिक असला पाहिजे. पिन बसते म्हणून दुसऱ्या वस्तूचा ॲडॉप्टर लावू नये.

ज्यांच्या घरी आईवडील एकटे असतात, त्यांनी येथे एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. पूर्वीच्या तांब्याच्या तारेवरील दूरध्वनीला लागणारी वीज एक्स्चेंजमधूनच, सुमारे ४८ व्होल्ट दाबाने येत असे. म्हणून घरची वीज गेली तरी फोन चालू राही. काचेच्या तंतूतून वीज येत नाही. ओएनटीला जोडलेला फोन वीज जाताच मुका होतो. डब्यासाठी लहान बॅटरी संच ठेवला किंवा मोबाईल नेहमी चार्ज करून ठेवला, तरच रात्रीअपरात्री डॉक्टरांना फोन करता येईल.

दुसरा प्रश्न : बाहेरून प्रकाश येतो आहे का? हा प्रश्न फक्त ओएनटीच्या बाबतीत आहे. दिव्याजवळ एल, ओ, एस ही तीन इंग्रजी अक्षरे असतात. 'लॉस ऑफ सिग्नल', म्हणजे संकेत हरवला, असा त्याचा अर्थ. या दिव्याची रीत इतरांच्या उलट आहे. तो बंद असणे चांगले. लाल होऊन उघडमीट करू लागला की समजावे, काचेच्या तंतूतून प्रकाश पोचत नाही किंवा फारच क्षीण पोचतो आहे.

हा प्रकाश आपल्याला दिसत नाही. प्रचलित जीपॉन पद्धतीत कंपनीकडून घराकडे १४९० नॅनोमीटर आणि घराकडून कंपनीकडे १३१० नॅनोमीटर लांबीच्या लहरी वापरतात. मानवी डोळ्याला साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटरपर्यंतच दिसते. म्हणून पिन काढून 'प्रकाश दिसतो का' असे डोळ्याने पाहण्यात काही उपयोग नाही. लेसरचा प्रकाश डोळ्याला इजा करू शकतो, तेव्हा तसे मुळीच करू नये. तंत्रज्ञ वायर कोठे तुटली हे शोधण्यासाठी लाल प्रकाशाचे पेन लावतो, तो प्रकाश सुमारे ६५० नॅनोमीटरचा आणि डोळ्यांना दिसणारा असतो. वायर जेथे मोडली असेल तेथून लाल उजेड बाहेर झिरपताना दिसतो.

प्रकाश कमी का होतो, हेही समजून घेण्यासारखे आहे. काचेच्या तंतूची जाडी १२५ मायक्रॉन, म्हणजे एक मिलिमीटरच्या आठव्या भागाएवढी असते. प्रकाश वाहून नेणारा आतील गाभा तर अवघा ९ मायक्रॉनचा. वायर काटकोनात मुडपली, खिडकीच्या सरकत्या काचेत चेपली किंवा कपाटाच्या मागे दबली, तर प्रकाश बाहेर निसटतो. सर्वसाधारण फायबरचे वळण ३ सेंटिमीटर त्रिज्येपेक्षा लहान करू नये. म्हणजे वाटीच्या काठाएवढी गोलाई चालते, वहीच्या कोपऱ्यासारखी घडी चालत नाही.

तंत्रज्ञ मीटर लावून 'उणे २०', 'उणे २५' असे आकडे सांगतो. हे प्रकाशाच्या शक्तीचे माप असून त्याचे एकक डीबीएम आहे. जीपॉनच्या घरगुती डब्याला साधारण उणे ८ ते उणे २७ यांमधील प्रकाश चालतो. दर ३ आकड्यांनी शक्ती निम्मी होते. उणे २० म्हणजे एका मिलिवॅटचा शंभरावा भाग आणि उणे २७ म्हणजे जवळजवळ पाचशेवा भाग. आपल्या घरी उणे २६ आकडा येत असेल तर नेट चालू असले तरी ते काठावर आहे, असे समजून वायर सुधारून मागावी.

लॉसचा दिवा लाल दिसल्यास घरात करण्यासारखे एवढेच आहे. वायर कोठे दबली आहे का पाहावे, असल्यास हलक्या हाताने मोकळी करावी, आणि त्याच कंपनीची जोडणी असलेल्या शेजाऱ्याकडे चौकशी करावी. त्यांच्याकडेही लाल दिवा असेल तर बाहेर कोठेतरी मुख्य वायर तुटली आहे. रस्त्याचे, गटाराचे किंवा जलवाहिनीचे खोदकाम जेथे चालू असते तेथे असे घडते. त्यांचा डबा सुरळीत असेल तर दोष आपल्या घरापर्यंतच्या वायरीत आहे, असा अंदाज बांधता येतो.

तिसरा प्रश्न : आपल्या डब्याची ओळख पटली का? दिव्याजवळ पी, ओ, एन ही अक्षरे असतात. 'पॅसिव्ह ऑप्टिकल नेटवर्क' असा त्याचा विस्तार. पॅसिव्ह म्हणण्याचे कारण असे की, कंपनीचे केंद्र आणि घर यांच्यामध्ये विजेवर चालणारे यंत्र नसते. केंद्रातून निघालेला एकच तंतू वाटेत साध्या विभाजकाने ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो. केंद्राकडून येणारा प्रकाश या सर्व घरांत पोचतो आणि प्रत्येक डबा त्यातील आपल्यापुरती, कुलूपबंद केलेली माहिती उचलतो. उलट दिशेने मात्र सर्वांनी एकदम बोलून चालत नाही. केंद्र प्रत्येक डब्याला क्षणाचा अगदी लहान अंश नेमून देते आणि त्या वेळातच त्याने बोलायचे असते.

ही पाळी मिळण्यासाठी डब्याने आपला अनुक्रमांक सांगून नाव नोंदवावे लागते. नोंदणी चालू असताना पॉनचा दिवा उघडमीट करतो. नोंदणी झाली की तो स्थिर होतो. पाच-दहा मिनिटांनंतरही उघडमीट थांबली नाही आणि लॉसचा दिवा बंद असेल, तर प्रकाश येतो आहे पण ओळख पटलेली नाही, असा अर्थ घ्यावा. हे काम कंपनीच्या केंद्रातूनच होते. शेजाऱ्याचा चांगला डबा आणून आपल्या वायरीला लावला तरी नेट चालत नाही, याचे कारणही हेच. तो डबा शेजाऱ्याच्या नावावर नोंदलेला असतो.

चौथा प्रश्न : इंटरनेटचा परवाना मिळाला का? दिव्याचे नाव 'इंटरनेट'. काही डब्यांवर पृथ्वीच्या गोलाचे चित्र असते. जिन्यातील पेटीवरून केबल आलेली असेल त्यांच्यासाठी वीजेनंतरचा थेट हाच प्रश्न आहे. पॉन स्थिर असूनही हा दिवा लाल, नारिंगी किंवा बंद असेल, तर डबा कंपनीच्या दारापर्यंत पोचला आहे पण आत घेतला गेलेला नाही. मुदत संपणे, बिल थकणे, डब्यात भरलेले वापरकर्त्याचे नाव पुसले जाणे किंवा कंपनीच्या केंद्रात बिघाड असणे, ही त्याची नेहमीची कारणे होत. अशा वेळी प्रथम रिचार्जची तारीख पाहावी. वायर ओढाताण करून काही होणार नाही.

पाचवा प्रश्न : घरात वाटप होते आहे का? केबलने संगणक जोडलेला असेल तर 'लॅन' हा दिवा पाहावा. वाय-फायसाठी 'डब्ल्यूलॅन' किंवा 'वाय-फाय' अशा नावाचे दिवे असतात. वरचे चारही दिवे सुरळीत असून हे बंद असतील तर दोष घरातीलच आहे. अनेक डब्यांच्या कडेला वाय-फाय बंद-चालू करण्याचे लहान बटण असते. डबा पुसताना किंवा मुलांच्या खेळण्यात ते दाबले जाते. दिवा बंद दिसताच प्रथम ते बटण पाहावे.

वाय-फायचे दोन दिवे असतील तर त्यांवर २.४जी आणि ५जी असे लिहिलेले असते. या ५जीचा मोबाईलच्या ५जी सेवेशी संबंध नाही. मोबाईलची ५जी, म्हणजे पाचवी पिढी, आपल्या देशात १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. डब्यावरील ५जी म्हणजे ५ गिगाहर्ट्झ ही लहरींची वारंवारता आहे. २.४च्या लहरी भिंतीतून अधिक पार जातात पण त्यांवर गर्दी जास्त असते. ५च्या लहरींवर वेग अधिक मिळतो, पण काँक्रीटच्या दोन भिंती आड आल्या की त्या क्षीण होतात. डब्याच्या खोलीत बसून अर्ज भरायचा असेल तर ५, आतल्या खोलीत बसायचे असेल तर २.४ निवडावे.

५. वाय-फाय आणि नेट या दोन वस्तू आहेत

आपल्या बोलण्यात कोणताही बिघाड झाला तरी 'वाय-फाय गेले' असे म्हटले जाते. सर्व गोंधळाचे मूळ येथे आहे. वाय-फाय हा डबा आणि मोबाईल यांच्यामधील, घरातल्या घरातील रस्ता आहे. इंटरनेट हा डब्यापासून बाहेरच्या जगाकडे जाणारा रस्ता आहे. घरातील नळ आणि रस्त्याखालची जलवाहिनी यांत जेवढा फरक, तेवढाच यांत आहे. मोबाईलवर वाय-फायची खूण पूर्ण दिसत असूनही पान उघडत नसेल, तर नळ ठीक आहे, पाणी बाहेरूनच आलेले नाही. अशा वेळी पासवर्ड पुन्हा पुन्हा भरण्यात वेळ घालवू नये. डब्याजवळ जाऊन दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नाचे उत्तर पाहावे.

६. दिवे काय सांगत नाहीत

दिव्यांवर भरवसा ठेवावा, पण त्यांच्या मर्यादेत. दिवा जोडणी सांगतो, वेग सांगत नाही. सर्व दिवे सुरळीत असूनही नेट रांगत असू शकते. तसेच लॅन किंवा वाय-फायचा दिवा रात्री उघडमीट करताना पाहून 'कोणीतरी आपले नेट चोरत आहे' असा तर्क करू नये. मोबाईल आणि टीव्ही आपली कामे मागच्या मागे करीत असतात, त्याची ती हालचाल असते.

विद्यार्थ्यांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची मर्यादा अशी की, ज्या संकेतस्थळावर अर्ज भरायचा आहे त्याची प्रकृती आपल्या डब्याला ठाऊक नसते. शेवटच्या दिवशी अनेकजण एकाच वेळी आल्याने ते संकेतस्थळ अडकते आणि आपण मात्र आपला डबा बंद-चालू करीत बसतो. दुसरे एखादे संकेतस्थळ उघडून पाहावे. ते उघडले तर आपले नेट ठीक आहे. मग डब्याला हात लावू नये. भरलेल्या पानाचे छायाचित्र वेळेसह घेऊन ठेवावे आणि पहाटे, गर्दी कमी असताना पुन्हा प्रयत्न करावा.

७. टाळण्याच्या गोष्टी

डब्याच्या मागे टाचणीने दाबण्याचे एक लहान छिद्र असते. त्याला 'रीसेट' म्हणतात. ते काही सेकंद दाबून धरले की डब्यात भरलेली सर्व माहिती, वाय-फायचे नाव, पासवर्ड आणि पुष्कळदा कंपनीने भरलेले वापरकर्त्याचे नावदेखील पुसले जाते. दोष बाहेरच्या वायरीत असताना रीसेट केले तर एका बिघाडाचे दोन होतात. डबा बंद करून पुन्हा चालू करणे म्हणजे रीसेट नव्हे. बंद-चालू करण्यास हरकत नाही, मात्र एकदाच करावे आणि पाच मिनिटे थांबावे.

फायबरची पिन स्वतः काढून पुसू नये. ९ मायक्रॉनच्या गाभ्यावर बोटाचा तेलकटपणा किंवा धुळीचा कणही पुरेसा अडथळा करतो. हिरवी पिन तिरक्या कापाची आणि निळी पिन सरळ कापाची असते. एक दुसरीच्या जागी बसविली तर प्रकाश वाया जातो.

दूरध्वनीवरून 'तुमच्या राऊटरमध्ये दोष आहे, हे ॲप घ्या, आलेला ओटीपी सांगा' असे कोणी म्हणाल्यास फोन ठेवून द्यावा. लॉसचा लाल दिवा विझविण्यासाठी कोणाच्याही ओटीपीची गरज नसते. ज्याला दिवा वाचता येतो त्याला हे चटकन कळते. फसवणूक झालीच तर विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर कळवावे आणि आपल्या बँकेलाही सांगावे.

८. तक्रार कशी नोंदवावी

'नेट चालत नाही' एवढेच सांगितले तर पलीकडची व्यक्ती आपल्याला बटण बंद-चालू करायला सांगणार. त्याऐवजी असे सांगावे : "सकाळी नऊपासून लॉसचा दिवा लाल उघडमीट करतो आहे. पॉन बंद आहे. पॉवर स्थिर आहे. डबा एकदा बंद-चालू केला आहे. याच मजल्यावरील दुसऱ्या घरी तुमची सेवा चालू आहे." या पाच वाक्यांनी तंत्रज्ञाला कळते की, सोबत वायर आणि मीटर घेऊन जायचे आहे. काम पहिल्याच फेरीत होण्याचा संभव वाढतो.

तक्रार क्रमांक लिहून घेण्यास विसरू नये. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या तक्रार निवारण विनियमांनुसार ग्राहकाला तक्रारीचा क्रमांक मिळाला पाहिजे, आणि निवारण समाधानकारक न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे दाद मागता येते. दिनांक, वेळ, दिव्यांची स्थिती आणि तक्रार क्रमांक यांची वहीत नोंद असेल तर आपले म्हणणे ठाम राहते.

९. स्वाध्याय

पुढील प्रश्नांची उत्तरे विद्यार्थ्यांनी प्रथम स्वतः लिहावीत आणि मग खाली दिलेल्या उत्तरांशी ताडून पाहावीत.

(अ) पॉवर स्थिर, लॉस बंद, पॉन स्थिर, इंटरनेट लाल, वाय-फाय चालू. प्रथम काय पाहाल?
(आ) पॉवर स्थिर, लॉस लाल उघडमीट, पॉन बंद. वरच्या आणि खालच्या मजल्यावरही हेच. दोष कोठे? अर्जाची मुदत आज रात्री संपते. काय कराल?
(इ) पॉवर, पॉन, इंटरनेट सुरळीत. वाय-फायचे दोन्ही दिवे बंद. दोष कोठे?
(ई) सर्व दिवे सुरळीत. बातम्यांचे पान उघडते, शिष्यवृत्तीचे उघडत नाही. डबा बंद-चालू करावा काय?

उत्तरे : (अ) रिचार्जची किंवा बिलाची तारीख. ती ठीक असल्यास कंपनीला कळवावे. (आ) बाहेरच्या मुख्य वायरीत. तक्रार नोंदवावी, पण दुरुस्तीची वाट न पाहता मोबाईलच्या नेटवर किंवा दुसऱ्या कंपनीची सेवा असलेल्या घरी अर्ज भरावा. (इ) घरात. वाय-फायचे बटण पाहावे. (ई) नाही. दोष त्या संकेतस्थळाकडे आहे.

शेवटी प्रत्येक वाचकाला एक काम सांगून हा पाठ संपवितो. नेट व्यवस्थित चालू असेल त्या दिवशी डब्यासमोर उभे राहावे. प्रत्येक दिव्याचे नाव, रंग आणि तो स्थिर आहे की उघडमीट करतो आहे, हे एका कागदावर मराठीत लिहावे. खाली कंपनीचा तक्रारीचा दूरध्वनी, आपला ग्राहक क्रमांक आणि रिचार्जची तारीख लिहावी. वाय-फायचा पासवर्ड मात्र त्यावर लिहू नये. तो कागद डब्याशेजारी चिकटवावा. निरोगी माणसाची नाडी ठाऊक असल्याशिवाय आजाऱ्याची कळत नाही, तसेच या डब्याचे आहे. बिघाड होईल त्या दिवशी कागदावरील ओळ आणि समोरचा दिवा यांत जेथे फरक दिसेल, तेथून शोधास आरंभ करावा. घरातील आजीलाही हा कागद वाचून दाखवावा, म्हणजे घरात कोणी नसताना फोनवरून "कोणता दिवा लाल आहे?" असे विचारले तर तीही बरोबर उत्तर देऊ शकेल.